साखळी कोणत्या बाजूला?

वीज कंपनीत उभी हयात गेली आणि मला विजेची भीती वाटते, असं सांगितलं की लोक हसतात. संपादकांनीही फोनवर हसून घेतलं. त्यांना अंकासाठी उजेडाच्या आठवणी हव्या होत्या. म्हटलं, माझ्याकडे भीतीच्या आहेत, चालतील का? ते म्हणाले, चालतील, पण भुतांच्या नकोत. भुतं नाहीत, पण वेळ मात्र त्यांचीच आहे. लहानपणी दुपारी बाराला चिंचेखाली फिरकू नको, असं घरचे बजावायचे. ते मी कधी मनावर घेतलं नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मात्र बारा वाजले की मी हातातलं काम बाजूला ठेवून फोनकडे बघत बसायचे. निवृत्त होऊन आता घरी बसले आहे, तरी जळगावच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या छपरांवर चकाकणाऱ्या निळ्या सौर काचा दिसल्या की हात थांबतो.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते अजून कळलेलं नाही. तिला वाटतं मी बिलं काढत होते. मी धुळे-जळगावकडच्या वाहिन्यांचं नियोजन बघायचे. तार कुठून न्यायची, ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचा, भार कुठला कुठे वळवायचा. हे सगळं नकाशावर आणि संगणकावर. खांबावर मी आयुष्यात चढले नाही.

साक्रीकडच्या माणसाला हे समजावणं सोपं असतं, कारण त्याला फडाचं, म्हणजे पाटाने शेताशेताला वाटलेलं पाणी माहीत असतं. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याला पाणी भरपूर. शेपटाला ज्याचं शेत, त्याला उरलंसुरलं. विजेचंही तसंच. उपकेंद्राजवळच्या गावात दिवा लख्ख आणि वाहिनीच्या शेपटाला डोंगरातल्या पाड्यावर तोच दिवा तांबडा, मोटार नुसती गुरगुरते आणि शेवटी जळते. वाटेतल्या तारांमध्येच बरीचशी वीज तापून वाया जाते. मग सौर प्रकल्प आले, म्हणजे पाटाच्या मधेच विहीर खणण्याची सोय झाली. विहीर कुठे खणायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. छोटा प्रकल्प कुठल्या वाहिनीला आणि कुठल्या खांबाला जोडायचा. वाचायला सोपं वाटतं. ज्याची पडीक जमीन असेल तो माणूसही येऊन सांगायचा, मॅडम, आमच्या बरडावर टाका, तिथे ऊन फार चांगलं पडतं. जणू शेजारच्या बरडावर चांदणं पडत होतं.

या कामातला पहिला धडा मला एका पंखे दुरुस्त करणाऱ्याने दिला. जळगावात डाळ मिलच्या भागात सलीमभाईंचं मोटारी आणि पंखे बांधून देण्याचं दुकान होतं. एका सकाळी ते माझ्या टेबलासमोर जळालेले तीन पंख्यांचे रेग्युलेटर मांडून उभे राहिले.

"मॅडम, एक बात समजत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे जळालेला माल सोमवारीच येतो. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. सोमवारी लाइन लागते."

"मग बरंच आहे की तुमचं."

"धंदा बरा आहे. पण त्यात माझ्या बहिणीचा फ्रिज पण आला ना."

मी हसण्यावारी नेलं आणि ते गेल्यावर हसू थांबलं. सोमवारी माल येतो, म्हणजे रविवारी जळतो. रविवारी डाळ मिल बंद. मिलच्या मोठ्या छपरावर सौर काचा बसवायला परवानगी मीच दिली होती. आठवडाभर मिलच ती वीज खाऊन टाकायची. रविवारी भर दुपारी खायला कोणी नसायचं आणि सगळी वीज गल्लीतल्या घरांत घुसायची. दाब इतका चढायचा की पंखे जळायचे. मी छपराचं माप घेतलं होतं, उन्हाचं घेतलं होतं, रविवारचं घ्यायची विसरले होते. पुढच्या रविवारी मी स्वतः मीटर घेऊन त्या गल्लीत उभी राहिले आणि बारा वाजल्यापासून आकडा चढताना पाहिला. सगळ्या घरांत माणसं जेवून पडली होती, पोरं पंख्याखाली झोपली होती, आणि त्यांच्या भिंतीत काय चढतंय हे गल्लीत फक्त मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी उन्हाला घाबरायला लागले.

मिलचं आम्ही नीट करून दिलं. त्यातून मी एक अक्कल घेतली: वीज तिथेच तयार करावी, जिथे भूक आहे. शहाणपणाची गोष्ट आहे, आजही मी ती नाकारणार नाही. त्याच शहाणपणाने पुढे मी एक माणूस मारत आणला.

साक्रीच्या पश्चिमेला एक लांबलचक वाहिनी होती. शेपटाला डोंगरातली चार गावं. तिथे सौर प्रकल्प यायचा होता आणि दोन जागा माझ्यापुढे होत्या. एक उपकेंद्राला लागून. तिथे जोडणी सोपी, देखरेख सोपी, पण शेपटाच्या गावांना फारसा उपयोग नाही. दुसरी थेट शेपटाला, माळावर. तिथे प्रकल्प टाकला तर गावांना दिवसा पूर्ण दाबाची वीज आणि तारांतली गळतीही कमी. मी महिनाभर हिशेब मांडले आणि शेपटाची जागा निवडली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. गावांनी नारळ फोडला.

त्या समारंभात एकच माणूस गप्प होता. हिरामणबापू, त्या भागाचा वायरमन. निवृत्तीला आलेला, काडीसारखा, आणि अतिशय सावध. बाकीचे वायरमन त्याची टिंगल करायचे की हिरामण दिव्याचं बटण दाबायच्या आधीसुद्धा कुलदैवताला विचारतो. मला तो ताई म्हणायचा. समारंभ उरकल्यावर तो माझ्याजवळ आला.

"ताई, आते वीज दोन्हीकडथीन येई का?"

"हो बापू. उपकेंद्राकडूनही आणि इकडूनही."

"मंग लाइन बंद शे असं कसं म्हनानं?"

मी त्याला समजावलं. उपकेंद्रातून वाहिनी बंद केली की प्रकल्पाला ते आपोआप कळतं आणि तोही क्षणात बंद पडतो. तशी यंत्रणाच असते त्यात. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि "बरं शे" म्हणाला. त्याला पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

आता साखळीचं सांगायला हवं. वायरमन तारेवर काम करायला चढतो तेव्हा आधी उपकेंद्रातून लाइन बंद करून घेतो. तरीही चुकून कोणी ती चालू केली तर? म्हणून तो जमिनीत रोवलेल्या सळईला जोडलेली एक साखळी शेजारच्या खांबापाशी तिन्ही तारांवर टाकतो. वीज आलीच, तर ती साखळीवाटे जमिनीत जाते, माणसापर्यंत पोचत नाही. ही साखळी कायम उपकेंद्राच्या बाजूला टाकायची, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत. वीज तिकडूनच येत होती ना.

प्रकल्प जोडल्यावर मी परिपत्रक काढलं की यापुढे कामाच्या दोन्ही बाजूंना साखळ्या टाकाव्यात. उत्तम मराठीत लिहिलं होतं, त्यावर पोच म्हणून सगळ्यांच्या सह्याही घेतल्या. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. प्रत्येक टोळीकडे साखळी एकच होती. एकाच बाजूने वीज येते म्हणून एकच द्यायची पद्धत. दुसरी साखळी मागवायला पाहिजे, हे माझ्या हिशेबाच्या एकाही पानावर नव्हतं. आणि कुणा वायरमनने ते मला सांगितलंही नाही. परिपत्रकं कशी येतात आणि कशी फायलीत जातात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पोळा होऊन गेला होता. पावसाने उघडीप दिलेली, ऊन चटचट लागत होतं, मका माणसापेक्षा उंच झाला होता. मी प्रकल्पाची पाहणी करायला गेले होते. वाहिनी त्या दिवशी साडेदहापासून बंद ठेवली होती, कारण तिथून दोनेक किलोमीटरवर हिरामणबापू एका खांबावर खराब झालेली तार तोडून नवी जोडणार होता. येताना वाटेत मी त्याला पाहिलंही होतं. तो सळई ठोकत होता, मदतनीस साखळी उलगडत होता. मी गाडीतूनच हात केला.

प्रकल्पावर सुभाषभाऊ नावाचा ऑपरेटर होता. आधी नरडाण्याला एका कारखान्यात होता, हाताने हुशार, बोलायला गोड. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "मॅडम, लाइन नाही तोवर जनरेटर लावून टाकी भरून घेतो. काचा धुवायला पाणी नाही."

जनरेटर सुरू झाला. क्षणभर चालला, मग एकदम घुसमटल्यासारखा आवाज करून बंद पडला. सुभाषभाऊने शिवी गिळली आणि म्हणाला, "हे असं कधी करत नाही. भार जास्त येतोय."

"कसला भार? पंपच आहे ना फक्त?"

"पंप तर अजून लावलाच नाही मॅडम." आणि तो पुन्हा सुरू करायला वळला.

मी कपबशी हातात घेऊन उभी होते. पंप लावलेला नाही आणि जनरेटरवर भार येतोय. मग त्याची वीज जाते कुठे? माझी नजर भिंतीवरच्या मोठ्या स्विचकडे गेली. प्रकल्प वाहिनीला जोडणारा तो स्विच. वाहिनी बंद झाली की तो आपोआप खाली पडायला हवा. तो वर होता. त्याच्या दांडीला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी करकचून बांधलेली होती.

ट्रान्सफॉर्मर नावाचा डबा आंधळा असतो. एका बाजूने अकरा हजार दाबाची वीज दिली तर तो दुसऱ्या बाजूला घरगुती करून देतो. दुसऱ्या बाजूने घरगुती दिली तर तिचे अकरा हजार करून देतो. वाहिनी बंद पडताच काचांची वीज आतल्या यंत्रांनी थांबवली होती, पण जनरेटरला अडवणारा तो एकच स्विच होता. जनरेटरची वीज प्रकल्पाच्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढत होती आणि उघड्या वाटेने बाहेर तारेवर जात होती. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला हिरामणबापू होता. त्याच्याकडे एक साखळी होती, आणि साखळी उपकेंद्राच्या बाजूला टाकायची असते. तार मधे तोडली की इकडच्या बाजूला त्याला काहीही आडोसा नव्हता.

"हात लावू नका!" मी ओरडले. इतक्या वर्षांत मी कुणावर ओरडले नव्हते. सुभाषभाऊ दचकून मागे सरला. मी ट्यूबची पट्टी ओढायला गेले, ती सुटेना. त्यानेच चाकूने ती कापली. स्विच खाली पडल्याचा आवाज झाला. मी त्याला कुलूप घातलं आणि चावी मुठीत घेतली.

"दिवसातून चार-चार वेळा पडत होता मॅडम," तो रडवेला होऊन सांगत होता. "पडला की गावातले लोक फोन करतात, शिव्या घालतात. म्हणून बांधला. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही बांधला."

तो का पडत होता, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शेपटाला वाहिनी अशक्त असते, दाब सारखा वरखाली होतो, म्हणून तो पडायचा. उपकेंद्राजवळच्या जागेवर तो पडला नसता. जागा मी निवडली होती.

बापूला फोन लावला. वाजत राहिला. वर चढताना वायरमन फोन खालच्या पिशवीत ठेवतात. मदतनीसाच्या फोनला रेंज नव्हती. मी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "जोरात." रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना मका. त्या दोन किलोमीटरांत मी काय काय पाहिलं ते सांगत नाही. जनरेटर कशाने घुसमटला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. गावातल्या घरांचा भार असेल. साखळी असेल, त्याने रीत मोडून इकडे टाकली असेल तर. किंवा माणूस असेल. मला आकडेमोड येत होती, पण हे काढता येत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

वळणावरून मक्याच्या वर खांबाचा शेंडा दिसला. शेंड्यावर कोणी नव्हतं. तोडलेली तार एका बाजूने लोंबत होती आणि खांब रिकामा होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उतरला असंल."

गाडी थांबायच्या आधीच मी उतरले आणि मक्यातून पळत सुटले. पानं तोंडावर सपासप लागत होती. बांधावरच्या बोरीखाली हिरामणबापू बसला होता. बसला होता, पडला नव्हता. तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावायचा प्रयत्न करत होता आणि चुना गुडघ्यावर सांडत होता. मदतनीस शेजारी उकिडवा बसून नुसता पाहत होता.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मला हुंदका फुटला, तो आवरला नाही.

"साखळीवर जाळ झाया, ताई," तो शांतपणे म्हणाला. "तार तोडीसन इकडलं टोक धराले हात पुढे कया, तवढ्यात तठे कडाडलं. उतरी उनू."

मी वळून पाहिलं. साखळी प्रकल्पाच्या बाजूच्या खांबावर होती. तिचे वरचे दोन दुवे काळे पडले होते आणि तारेवर वितळल्याची खूण दिसत होती. जनरेटर त्या साखळीने घुसमटला होता.

"बापू, साखळी इकडे का टाकली? तुम्ही तर नेहमी उपकेंद्राकडे टाकता."

तो जरा संकोचला. मग म्हणाला, "रागे नका भरू. साखळी एकच शे. मंग इचार कया, कोनं भय जास्त शे? उपकेंद्रावरना मानूस मना वळखना शे. त्यानी आंडेरना लगीनले मी गयथू. तो माले इचारावाचून लाइन चालू करावं नही. आनि हाई तुमनं नवं. हाई माले माहीत नही." आंडेर म्हणजे मुलगी. उपकेंद्रातला माणूस त्याच्या ओळखीचा होता, माझा प्रकल्प नव्हता.

महिनाभर मी हिशेब मांडले होते, त्याने खांबाखाली उभं राहून मांडला होता. त्याचा बरोबर आला होता, म्हणून तो जिवंत होता. आणि तोही अर्धाच, कारण त्याची दुसरी बाजू अजून उघडीच होती. ती एका ओळखीच्या माणसाच्या भरवशावर होती.

मी डोळे पुसले. काम बाकी होतं आणि चार गावं खोळंबली होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. स्विच पाडला आहे, त्याला कुलूप आहे, चावी ही बघा माझ्याकडे. जनरेटर बंद आहे. साखळी जागेवर आहे. उपकेंद्रात मी स्वतः फोन करून पुन्हा विचारलं, तिकडून लाइन बंद होती.

"आते पक्की बंद शे?" त्याने विचारलं.

"पक्की."

तो उठला, कपडे झटकले. तोडलेल्या तारेचं प्रकल्पाकडचं टोक खांबावरून लोंबत खांद्याच्या उंचीला आलं होतं. त्याने तिकडे बोट केलं.

"मंग ताई, पहिले तुम्ही हात लावा."

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. देवळात मोठ्याला आधी आत जायला सांगावं, तसं तो म्हणाला. मी तारेजवळ गेले. मला सगळं माहीत होतं. त्या तारेत वीज असणं शक्य नव्हतं, आणि असती तरी साखळी होती. कोणत्याही कागदावर मी ते सही करून दिलं असतं. चावी माझ्याच मुठीत होती. मी दुसरा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. तार माझ्यापासून वीतभर होती. बापू वाट पाहत होता, मदतनीस पाहत होता, मागे ड्रायव्हर येऊन उभा राहिला होता. हात पुढे जाईना.

"ऱ्हाऊ द्या, ताई," बापू म्हणाला. त्याने पुढे होऊन हाताच्या मागच्या बाजूने तार शिवली, क्षणभर थांबला आणि खांबावर चढला. तो उतरेपर्यंत मी खाली उभी होते. दुपारी दोनला गावांना वीज आली.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक टोळीसाठी दुसऱ्या साखळीचा मागणीअर्ज भरायला घेतला. त्यात कारणाचा रकाना असतो. तिथे सगळे जण "सुरक्षिततेसाठी" असं लिहितात. मीही लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, "लाइन बंद असल्याचे मी स्वतः सांगितले, पण मला तारेला हात लावता आला नाही." साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.